एडिसनचा दिवा आणि आमचे चाकरमानी

एडिसनच्या दिव्याचं कौतुक मी शाळेपासून ऐकत आलोय. १८७९ साली दिवा उजळला, आणि १८९२ मध्ये जे. पी. मॉर्गनच्या भांडवलावर 'जनरल इलेक्ट्रिक' उभी राहिली. नावातून एडिसन गायब!

आम्हा रत्नागिरीकरांना हा दिवा भेटला तो मुंबईच्या गिरण्यांत. १८५४ साली कावसजी दावरांनी पहिल्या गिरणीचा पाया घातला. पुढे गिरणगाव वाढलं, आणि त्याला माणसं पुरवण्यात आमचा जिल्हा आघाडीवर होता. पूर्वी दिवस मावळला की गिरणी थांबायची. १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले आणि काम चौदा-पंधरा तासांवर गेलं. कामगार चिडले, काम बंद पाडलं. शेवटी १९११ च्या कायद्याने पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली... तीही बारा!

इकडे गावात मात्र मिणमिणती चिमणीच. तिच्यातलं रॉकेलसुद्धा मुंबईहून मनीऑर्डर आली की यायचं.

दिवा कुणी लावला हे पुस्तकात असतं. त्या उजेडात कोण राबलं, हे आपल्याच घरातल्या म्हाताऱ्यांना विचारायला हवं. मी उशीर केला. तुम्ही करू नका.