फणसोंबा आणि इन्फ्लुएंझा

फणसोंबा : फणसाच्या जुन्या खोडावर वाढणारे टणक, काष्ठमय, बहुवर्षायू कवक. कुल हायमेनोकीटेसी. या एका नावाखाली फेलिनस प्रजातीतल्या आणि तिच्या जवळच्या अनेक जाती मोडतात, फे. मेरिली व फे. रिमोसस यांचा उल्लेख वारंवार येतो.

फळकाय घोड्याच्या खुरासारखा. वरची बाजू काळपट आणि भेगाळलेली, खाली डोळ्यांना जेमतेम दिसणारी छिद्रे. फोडल्यावर आतला भाग तांबूस-पिवळा दिसतो. त्यावर कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणाचा थेंब टाकला की तो काळा पडतो. ही खूण कुलाची. जात ठरवायची तर बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात, आणि हल्ली डीएनएचीही साक्ष काढतात.

प्रदेश : कोकण व पश्चिम घाट. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग, जांबोटी-कणकुंबीचा पावसाळी पट्टा फणसाचा.

वापर : सहाणेवर पाण्यात उगाळून मुलांच्या हिरड्यांना लावतात, तोंड आले, लाळ फार गळू लागली की हाच उपाय. अतिसारावरही देतात. जे. जी. वैद्य व ए. एस. राब्बा यांनी १९९३ मध्ये ‘मायकॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात लोकवैद्यकातल्या कवकांवर लिहिले. परंपरेचा भर तोंडाच्या व पोटाच्या विकारांवर आहे, तापावर नाही.

इन्फ्लुएंझा : अळंब्यांच्या अर्कांत या विषाणूला रोखणारे घटक शोधण्याचे काम जुने आहे, कॉक्रन, निशिकावा व बेनेके यांचा निबंध १९६६ चा. फणसोंब्याच्या गोतातले सर्वांत बोलके काम कोरियातले. तिथे ‘सांगह्वांग’ म्हणून वापरल्या जाणाऱ्या फे. इग्निएरियसचा पाण्यातला अर्क २०१३ मध्ये तपासला गेला. २००९ च्या साथीचा एच१एन१, माणसातला एच३एन२, पक्ष्यांतला एच९एन२ आणि ओसेल्टामिविर या फ्लूवरच्या औषधाला न जुमानणारा एच१एन१ या सर्वांवर तो पेशीसंवर्धनात परिणामकारक ठरला. या गोतातली हिस्पिडिन वर्गाची पॉलिफिनॉले न्यूरॅमिनिडेज या विकराला अडवतात. नवे विषाणू पेशीवरच्या सायलिक आम्लापासून याच विकरामुळे सुटतात आणि पुढच्या पेशी गाठतात. ओसेल्टामिविरचा घावही तिथेच बसतो.

मात्र हे निष्कर्ष दुसऱ्या जातीचे आणि काचपात्रातले. ते खानापूरच्या फणसोंब्याला जसेच्या तसे चिकटवणे चूक आहे. फ्लूत धाप लागली तर डॉक्टर गाठावा. ओसेल्टामिविर लक्षणे दिसल्यापासून पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर त्याचा गुण सर्वाधिक येतो.

लागवड : सांगह्वांगची कोरियात ओंडक्यांवर होते.

बेळगावात आयसीएमआरची पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था आहे; महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभागही आहेत. फणसोंबा काढणाऱ्याने झाड, गाव व तारीख लिहून एक वाळलेला तुकडा अशा ठिकाणी जरूर द्यावा. जात पक्की झाल्याशिवाय पुढची कोणतीही चाचणी मोलाची नाही.