बॅबिलॉन ५ आणि डीप स्पेस नाइन: कोणी कोणाची कल्पना ढापली?

सायन्स फिक्शनच्या चाहत्यांमध्ये तीस वर्षांपासून एक भांडण चालू आहे. 'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन' ही मालिका 'बॅबिलॉन ५'वरून ढापलेली आहे का? दोन्ही मालिका मी पाठोपाठ पाहिल्या, तेव्हा सुरुवातीला मलाही वाटलं की हे सरळसरळ कॉपी-पेस्ट आहे!

साम्यच तसं आहे. दोन्हीकडे गोष्ट फिरत्या यानात नाही, तर एका स्पेस स्टेशनवर घडते. जवळच दूरच्या ताऱ्यांकडे नेणारं द्वार आहे. कमांडर युद्धाचा घाव मनात घेऊन आलेला.

आता तारखा बघू. जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांच्या म्हणण्यानुसार त्यांनी १९८९ मध्ये 'बॅबिलॉन ५'ची कल्पना, पायलटची पटकथा आणि पात्रांची माहिती पॅरामाउंटला दिली होती. तिथून नकार आला. पुढे वॉर्नर ब्रदर्सने ती मालिका घेतली. पण जानेवारी १९९३ मध्ये पॅरामाउंटची 'डीप स्पेस नाइन' आधी सुरू झाली आणि 'बॅबिलॉन ५'चा पायलट फेब्रुवारीत आला. संशय येणारच ना!

आम्हा इंजिनिअर लोकांना कोडचोरीचा संशय आला की आम्ही दोन गोष्टी तपासतो: ॲक्सेस कोणाला होता, आणि साम्य कुठल्या पातळीवर आहे.

ॲक्सेस कंपनीला होता. पण लिहिणाऱ्यांना? मालिकेचे निर्माते रिक बर्मन आणि मायकेल पिलर यांनी जाणूनबुजून चोरी केली असं स्वतः स्ट्रॅझिन्स्कीही म्हणत नाहीत. वरच्या अधिकाऱ्यांनी त्यांना नकळत त्या दिशेला वळवलं असावं, असा त्यांचा संशय. त्यांनी कोर्टात दावा मात्र केला नाही.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. लॉगिन पेज प्रत्येक ॲपमध्ये असतं, म्हणून ते चोरलेलं ठरत नाही. आतला कोड ओळीने ओळ जुळला तर गोष्ट वेगळी. कॉपीराइटचंही तसंच. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात हेच सांगितलं: निव्वळ कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती मांडण्याच्या पद्धतीवर असतो. आणि मांडणी इथे वेगळीच आहे. एकीकडे नुकताच गुलामीतून सुटलेला बेजोर ग्रह आणि त्याचा धर्म, तर दुसरीकडे पाच वर्षांची आधीच आखलेली एक सलग कथा.

शिवाय बाण एकाच दिशेने जात नाहीत. ड्युकाट हे नाव 'डीप स्पेस नाइन'मध्ये आधी आलं, 'बॅबिलॉन ५'मधला डुखाट नंतर. उलट लिटा आधी 'बॅबिलॉन ५'मध्ये, मग इकडे लीटा. तिसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात स्टेशनला लढाऊ जहाज मिळतं तेही दोन्हीकडे: 'डिफायंट' १९९४ मध्ये, 'व्हाइट स्टार' १९९५ मध्ये. मग इथे चोर कोण?

माझं मत विचाराल तर लेखक निर्दोष, पण पॅरामाउंटच्या ऑफिसबद्दल मी पैज लावणार नाही. चाहते भांडत असताना १९९६ मध्ये 'स्टार ट्रेक'चे जनक जीन रॉडनबेरी यांच्या पत्नी मेजल बॅरेट यांनी मात्र 'बॅबिलॉन ५'च्या एका भागात पाहुणी भूमिका केली होती. तो भाग नक्की बघा.