नक्कल आणि फेरफार

‘नक्कल’ हा शब्द अरबी ‘नक़्ल’वरून फारसीमार्गे मराठीत आला. मूळ शब्दात एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणे आणि उतरवून घेणे, हे दोन्ही अर्थ आहेत. दूरदूरच्या सर्व्हरांवर एकच दप्तर राखावयाचे तर हीच दोन कामे करावी लागतात, आणि अडते ते नेण्यापाशी. वाट अरुंद असली म्हणजे सबंध दप्तर वारंवार पाठविणे परवडत नाही. १९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी ‘आरसिंक’मध्ये खंडाखंडाच्या खुणा ताडून केवळ बदललेला अंश पाठविण्याची रीत मांडली.

आपल्या महसुली दप्तराला ही दृष्टी नवी नव्हे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली झाला. गाव नमुना सहा ही फेरफारांची क्रमवार नोंदवही. नमुना सात ही त्यांतून सिद्ध होणारी स्थिती. तलाठ्याने लिहावे, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करावे. दोन ठिकाणी दोघांनी लिहिले तर खरे कोणते, हा संगणकशास्त्रातील बिकट प्रश्न येथे लेखनाचा अधिकारच बांधून देऊन टाळलेला दिसतो. (तंट्यांचा निर्णय, अर्थात, निराळा.)

हरसूलच्या एखाद्या आदिवासी खातेदाराच्या हाती वारसाचा फेरफार न चढलेली जुनी प्रत पडली, तर पीककर्जाचा अर्ज तेथेच अडतो.