फुग्यात माणूस कशाला?

२६ नोव्हेंबर २००५. शनिवार होता, सकाळची शाळा होती, तरीही शिवडीच्या आमच्या बीडीडी चाळीतली अर्धी पोरं गच्चीवर होती. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून विजयपत सिंघानिया गरम हवेच्या फुग्यातून आकाशात जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी तेव्हा आठ वर्षांचा. कुणीतरी बोट दाखवलं, मी मान वर केली आणि मला एक ठिपका दिसला. तो फुगा होता की घार, हे आज शपथेवर नाही सांगता येणार. मागून बाबा म्हणाले, "पैसेवाल्यांचे चोचले. चल, शाळेला उशीर होतोय."

बाबांच्या बोलण्यातला कडवटपणा मला खूप नंतर कळला. त्याच वर्षी आमच्या गिरणगावात कोहिनूर, ज्युपिटर अशा गिरण्यांच्या जमिनी विकल्या जात होत्या. चाळीत दर दुसऱ्या खोलीत गिरणीतून घरी बसलेलं कुणीतरी होतं. आणि डोक्यावरून एक कापडउद्योगपती विक्रमाला निघाला होता.

विक्रम झाला. सिंघानिया ६७ वर्षांचे होते. ते २१,०२७ मीटर, म्हणजे जवळपास ६९ हजार फूट उंचीवर गेले आणि नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या पंचाळे गावाजवळ सुखरूप उतरले. आधीचा विक्रम पेर लिंडस्ट्रँड यांचा होता, १९८८ चा, १९,८११ मीटरचा.

हे सोपं नव्हतं, ते आधी सांगतो. गरम हवेचा फुगा वर जातो, कारण आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा हलकी असते. पण २१ किलोमीटरवर बाहेरचीच हवा जमिनीवरच्या मानाने सुमारे सोळापट विरळ असते. म्हणजे तोच फुगा, तेवढीच आच, आणि उचलायची ताकद सोळावा हिस्सा. त्यात बर्नर पेटता ठेवायलाही ऑक्सिजन लागतो, तोही तिथे जेमतेम. शिवाय १९ किलोमीटरच्या वर हवेचा दाब इतका उतरतो की पाणी ३७ अंशांनाच उकळतं. ३७ अंश म्हणजे आपल्या शरीराचं तापमान. म्हणून सिंघानिया उघड्या टोपलीत नव्हते, हवेचा दाब राखणाऱ्या बंद केबिनमध्ये होते. केबिनला गळती लागली असती तर काही सेकंदांत शुद्ध हरपली असती.

तर धाडस खरं होतं. प्रश्न वेगळाच आहे: हे कशासाठी?

आता त्याच वर्षातला दुसरा फुगा बघा. एप्रिल २००५ मध्ये हैदराबादच्या टीआयएफआरच्या बलून केंद्रातून एक महाकाय फुगा सोडला गेला. प्रयोग इस्रोचा, आणि त्यामागच्या मंडळींत आपले जयंत नारळीकर. या फुग्यात माणूस नव्हता. होती पोलादाची सोळा निर्जंतुक नळकांडी, द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेली. निऑनच्या थंडीने बाहेरची विरळ हवा नळकांड्यांत ओढली जाऊन गोठायची. २० ते ४१ किलोमीटरच्या पट्ट्यात वेगवेगळ्या उंचीवर हवेचे नमुने घेतले गेले, नळकांडी पॅराशूटने खाली आली, आणि हैदराबाद व पुण्याच्या प्रयोगशाळांत त्यांची तपासणी झाली. जिवाणूंच्या १२ वसाहती मिळाल्या. त्यातल्या तीन प्रजाती आधी कुणालाच माहीत नव्हत्या. २००९ मध्ये जाहीर झालेल्या त्या तिघींपैकी एकीला फ्रेड हॉईल यांचं, एकीला इस्रोचं आणि एकीला आर्यभटाचं नाव मिळालं.

हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले का? इस्रोने तेव्हाच स्पष्ट सांगितलं की तसं ठामपणे सिद्ध होत नाही. जीवसृष्टी अंतराळातून आली, हा नारळीकर आणि हॉईल यांच्या आवडीचा विचार बहुतेक शास्त्रज्ञांना पटत नव्हता, आजही पटत नाही. म्हणजे हाही एक प्रकारे विक्षिप्त उद्योगच म्हणायचा. फरक एवढाच की फुगा सोडण्याआधी प्रश्न ठरलेला होता आणि खाली येताना तो काहीतरी घेऊन आला.

जुन्या काळात फुग्यात माणूस असणं ही चैन नव्हती. ऑगस्ट १९१२ मध्ये व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ फुग्यातून ५,३०० मीटरवर गेला तो विद्युतदर्शक घेऊन. उपकरणाचा आकडा वाचायला माणूसच लागत होता. वर जावं तसा किरणोत्सार वाढतो हे त्याला दिसलं आणि वैश्विक किरणांचा शोध लागला. पुढे होमी भाभांच्या टीआयएफआरने हाच विषय धरला आणि आपल्याकडे फुग्यांचं शास्त्र रुजलं. तोवर उपकरणं स्वतःच नोंद करायला शिकली होती. माणसाला खालीच थांबता आलं.

मग माणूस कधी लागतो? प्रश्न माणसाबद्दलच असेल तेव्हा. अमेरिकन हवाई दलाला १९५० च्या दशकात धास्ती होती की खूप उंचीवर वैमानिकाने विमानातून उडी टाकली तर काय होईल. आधी पुतळे टाकून पाहिले. ते मिनिटाला २०० गिरक्यांपर्यंत जाऊ लागले. जिवंत माणूस त्यात वाचणं कठीण. म्हणून टप्प्याटप्प्याने उघडणारं पॅराशूट केलं गेलं आणि जोसेफ किटिंजर ते बांधून स्वतः वर गेला. नोव्हेंबर १९५९ च्या पहिल्या उडीत छोटं पॅराशूट वेळेआधी सुटून त्याच्या गळ्याभोवती गुंडाळलं, तो गरगरत बेशुद्ध झाला आणि आपोआप उघडणाऱ्या राखीव पॅराशूटमुळे वाचला. तरी १६ ऑगस्ट १९६० ला त्याने ३१ किलोमीटरवरून उडी मारली. वर जाताना उजव्या हातमोज्यातला दाब गेला, हात सुजला; मोहीम रद्द होईल म्हणून त्याने ते खाली कळवलंच नाही. (माझ्या गाईडना मी असं काही कळवलं नाही तर काय होईल, याचा विचार न केलेला बरा.)

किटिंजरच्या उंचीचा विक्रम ५२ वर्षं टिकला. सगळे घाबरले म्हणून नव्हे. निकोलस पियांटानिडा या हौशी अमेरिकन माणसाने १९६६ मध्ये प्रयत्न केला होता; सुमारे ५७ हजार फुटांवर त्याच्या पोशाखातला दाब गेला, तो कोमात गेला आणि काही महिन्यांनी वारला. पण हवाई दलापुरता प्रश्न सुटला होता, म्हणून त्यांनी पुन्हा कुणाला पाठवलं नाही. २०१२ मध्ये फेलिक्स बाउमगार्टनरने जवळपास ३९ किलोमीटरवरून उडी मारली तेव्हा पैसे एनर्जी ड्रिंकच्या कंपनीचे होते. विमानाशिवाय ध्वनीचा वेग ओलांडणारा तो पहिला माणूस. त्याचं श्रेय मी नाकारत नाही, कारण तसं केल्यावर शरीराचं आणि पोशाखाचं काय होतं हे पुतळा सांगू शकत नव्हता. दोनच वर्षांनी ॲलन युस्टेसने फारसा गाजावाजा न करता ४१ किलोमीटरवरून उडी मारून उंचीचा विक्रम मोडला. त्याचं नाव तुमच्यापैकी किती जणांना माहीत होतं?

या मापाने सिंघानियांचा फुगा नापास होतो. बंद केबिनमधला माणूस २१ किलोमीटरवर जगतो, हे लोकांना तेव्हा सत्तर वर्षांपासून माहीत होतं. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये एकही सरावउडी न मारता थेट उत्तर ध्रुवावर उडी टाकली, पुढे २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून टाकली. तिथेही विज्ञानाचा प्रश्न नव्हता. पण तसा त्यांचा दावाही नव्हता. खेळ म्हणून बघावं, टाळ्या वाजवाव्यात. मला खटकतं ते विक्रमाला विज्ञानाचा मुलामा दिला जातो तेव्हा. आणि दुसरं, "प्रेरणा मिळते" असं म्हटलं जातं तेव्हा. तो ठिपका बघून मी शास्त्रज्ञ व्हायचं ठरवलं, असं इथे लिहिता आलं असतं तर लेख छान झाला असता. तसं काही झालं नाही. एमएस्सीनंतर नोकरी मिळेना, आणि वातावरणशास्त्रात पीएचडीची एक जागा रिकामी होती.

माझं कामही योगायोगाने फुग्यांचंच आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेतून (तीच, जिथे २६ जुलै २००५ चा ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला) रोज हवामानाचा फुगा सोडतात. खाली चहाच्या डब्याएवढं उपकरण. चांगल्या दिवशी तो ३० किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे सिंघानियांच्या बराच वर, आणि फुटतो. आपल्या डोक्यावर १६-१७ किलोमीटरवर जो अतिशय थंड थर आहे, उणे ८० अंशांच्या आसपासचा, त्याच्या तापमानातले बारीक फरक मी या नोंदींतून शोधतो. तिथल्या थंडीवर ठरतं की त्याच्या वर किती बाष्प पोचणार, आणि त्याचा संबंध पृथ्वीच्या तापण्याशी आहे.

गेल्या वर्षी काही महिने माझी फेलोशिप अडकली होती. घरखर्च बाबांच्या पेन्शनवर. तेव्हा आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, "याचा उपयोग काय?" मी सिंघानियांवर ओढलेले ताशेरे तेव्हा मला आठवत होते. 'उपयोग' हे माप लावलं तर नारळीकरांची नळकांडीही गेली आणि माझा उणे ८० अंशांचा थरही गेला. म्हणून मी उपयोग विचारत नाही. प्रश्न काय होता आणि त्यासाठी माणूस वर जायलाच हवा होता का, एवढंच विचारतो. हे माप मला सोयीचं आहे, हे कबूल.

हा लेख लिहिताना बाबांना विचारलं, तो फुगा आठवतो का. म्हणाले, "आठवतो की. पहाटे पाचला मीच तर सगळ्यात आधी गच्चीवर गेलो होतो."

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या सांताक्रूझच्या फुग्यात कोण बसतं?"

"कुणीच नाही."

"आणि इथून दिसतो?"

"नाही दिसत."

"बरं," म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.