नावाचे खाते आणि जागेचे भाडे

आमच्या गावात खडेबाजार दोन आहेत. एक बेळगावचा आणि दुसरा शहापूरचा. संस्थाने विलीन होईपर्यंत शहापूर सांगलीकर पटवर्धनांच्या अमलात होते व बेळगाव इंग्रजांच्या, त्यामुळे हाकेच्या अंतरावरील दोन पेठांचे नाव एकच असूनही कोणाचे काही अडले नाही. मात्र पत्रावर नुसते ‘खडेबाजार’ लिहून भागत नाही. पुढे ‘शहापूर’ की ‘बेळगाव’ हे लिहावेच लागते. नाव आपले असते, पण त्याचा पत्ता व्हावयाचा तर कोणीतरी ते नोंदवून दुसऱ्यापासून वेगळे राखावे लागते. आमच्या मंडळाने आंतरजालावर पुन्हा नाव घ्यावयाचे ठरविले, तेव्हा या साध्या गोष्टीचा इतिहास पाहणे आम्हांस अगत्याचे वाटले.

टपाल खात्यापुढे हा प्रश्न फार पूर्वी उभा राहिला. एकाच नावाची अनेक गावे, आणि पत्ते निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले. यावर पिनकोडची योजना आली ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी, आणि संस्कृतचे नामांकित कवी व नाटककार. त्यांच्या सहा अंकांत निपाणीला ५९१२३७ मिळाला आणि शेजारच्या कागलला ४१६२१६. पहिल्या अंकातच राज्याची सीमा उमटली. पण पत्र मात्र बिनचूक पोचू लागले.

संगणकांच्या जाळ्याचा प्रवास याच्या नेमका उलटा झाला. तेथे आधी आकडे होते, नावे मागाहून आली. प्रत्येक संगणकाला अंकांचा पत्ता असे. जाळे वाढले तसे ते अंक लक्षात ठेवणे अशक्य झाले. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून अंक शोधून देणारी व्यवस्था रचली, ती आजही चालू आहे. प्रत्येक देशाला दोन अक्षरांचे उपनाम मिळाले. भारताचे ‘डॉट इन’ १९८९ मध्ये नोंदले गेले आणि त्याचा कारभार मुंबईत जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे आला. देशाच्या नावाची वही अशा रीतीने बरीच वर्षे मुंबईत होती. नियम कडक, कागदपत्रे फार. म्हणून २००४ अखेरपर्यंत त्या वहीत जेमतेम सात हजारांच्या आसपास नावे होती. २००५ च्या आरंभी नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, या संस्थेने ही नोंद सर्वांना खुली केली.

‘डॉट कॉम’चा इतिहासही असाच आहे. १९९५ पर्यंत ही नावे फुकट मिळत. त्या वर्षी नेटवर्क सोल्युशन्स या अमेरिकन कंपनीने दोन वर्षांस १०० डॉलर आकारावयास प्रारंभ केला, आणि दुसरा दुकानदारच नसल्याने ते मुकाट्याने द्यावे लागत. १९९८ मध्ये आयकॅन ही संस्था स्थापन झाली व पुढील वर्षी तिने अनेक कंपन्यांना नावे नोंदविण्याची मान्यता दिली. ‘कोणता रजिस्ट्रार निवडावा?’ हा प्रश्न सामान्य माणसापुढे आला तो तेव्हापासून.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. रजिस्ट्रार आणि होस्टिंग देणारी कंपनी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिला आपले नाव वहीत लिहितो; दुसरी आपले लेख व छायाचित्रे ठेवण्यासाठी सर्व्हरवर जागा भाड्याने देते. एक नगर भूमापन कचेरीतील नोंद, तर दुसरा पेठेतील भाड्याचा गाळा. गाळा बदलला तरी दुकानाची पाटी आपलीच राहते, परंतु पाटी गेली तर गिऱ्हाईक नव्या मालकाच्या दारात जाऊन उभे राहते. शिवाय हे नाव कोणी कायमचे विकत घेत नाही. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी ते आपल्याकडे राहते. पुढे नूतनीकरण करावेच लागते.

आमच्याच मंडळाची गोष्ट सांगावयास संकोच वाटतो, पण ती सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका उत्साही तरुण सभासदाने आमचे संकेतस्थळ उभे केले. नाव स्वतःच्या नावावर घेतले, पैसेही स्वतःच भरले. पुढे तो नोकरीनिमित्त परगावी गेला आणि त्याचा जुना ईमेल बंद पडला. नूतनीकरणाच्या सूचना त्या बंद पत्त्यावर जात राहिल्या. मुदत टळली, जादा शुल्क भरून नाव सोडवून घेण्याचे दिवसही सरले आणि ते नाव तिऱ्हाइताने घेतले. जागेचे भाडे त्याच खात्यातून जात असल्याने तीही गेली. सभासदांनी दिलेले कुलवृत्तांत, पूर्वजांच्या पत्रांच्या छायाप्रती, आमचे जुने अंक, सारे पुसले गेले. मूळ कागद घरोघरी असतील अशी आमची समजूत होती. परंतु दोन कुटुंबांनी ‘आता ते संगणकावर आहेत’ म्हणून वाळवी लागलेली दप्तरे टाकून दिली होती. तीन-चार पिढ्यांपूर्वी आपली माणसे या मुलखात कोठून, कशासाठी आली हे सांगणारे ते कागद आता कोठेच नाहीत. दोष त्या तरुणाचा नव्हे; सारे त्याच्यावर टाकून निर्धास्त राहिलेल्या आम्हां वडीलधाऱ्यांचा आहे.

सावध माणसावरही असा प्रसंग येतो, हे जगाच्या अनुभवावरून दिसते. २००७ मध्ये रजिस्टरफ्लाय या अमेरिकन रजिस्ट्रारची मान्यता आयकॅनने काढून घेतली. २००९ मध्ये जिओसिटीज ही फुकट जागा देणारी सेवा अमेरिकेत बंद झाली आणि असंख्य लोकांनी हौसेने उभारलेली पाने नाहीशी झाली. आपल्याकडे नेट फोर इंडिया ही जुनी कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. ग्राहकांना नावांचे नूतनीकरण करता येईना, ती दुसरीकडे हलविता येईनात. अखेर २०२१ मध्ये आयकॅनने तिची मान्यता रद्द करून तिच्याकडील नावे दुसऱ्या रजिस्ट्रारकडे सोपविली. वहीवर देखरेख करणारी वरिष्ठ संस्था असल्यामुळे नावे वाचली. भाड्याच्या जागेतील मजकुरावर मात्र अशी देखरेख कोणाचीच नसते.

नाव कोणते घ्यावे, हा आपल्या गावापुरता आणखी एक नाजूक प्रश्न. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांत गावाचे नाव बेळगावी झाले, रोमन लिपीतील जुने ‘बेलगाम’ मागे पडले. परंतु राजपत्राने नाव बदलले तरी आंतरजालावरील नोंद आपोआप बदलत नाही. जुने नाव सोडले की दुसरा ते घेऊ शकतो. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘डॉट भारत’ सुरू झाल्यापासून देवनागरीतही नाव घेता येते. मात्र तेथे शुद्धलेखन आडवे येते. जुन्या पाट्यांवर ‘बेळगांव’ असे अनुस्वारासह दिसते, १९६२ च्या नियमांनंतर आपण ‘बेळगाव’ लिहू लागलो. आपल्या दृष्टीने गाव एकच. यंत्राच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे. म्हणून मंडळाने गावाचे नाव वगळून केवळ आपले नाव नोंदवावे, असे आमच्या सभेत ठरले. गावाच्या नावाचे काहीही होवो, मंडळाचा पत्ता बदलू नये.

रजिस्ट्रार निवडताना त्यास आयकॅनची किंवा निक्सीची मान्यता आहे की नाही, हे प्रथम पाहिले. पहिल्या वर्षाची सवलत बाजूस ठेवून दुसऱ्या वर्षापासूनचा दर विचारला. नाव अन्यत्र नेण्याचा संकेतांक मागताक्षणी मिळेल ना, याची खात्री केली. खाते मंडळाच्या नावावर, आणि त्यात दोन पदाधिकाऱ्यांचे संपर्क. संपर्काचा ईमेल त्याच नावावरचा ठेवला नाही. कारण नाव बुडाले तर सूचनेचा ईमेलही त्याबरोबर बुडतो. होस्टिंग दुसऱ्या कंपनीकडे घेतले, म्हणजे एकीशी बिनसले तरी नाव व जागा दोन्ही एकदम जाणार नाहीत. मजकुराची प्रत दरमहा उतरवून मंडळाच्या कपाटात ठेवण्याचे काम चिटणिसांकडे आहे.

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून चालत आले आहे. त्याची पुस्तके टिकली ती दरवर्षी कोणी ना कोणी नोंद तपासली, वर्गणी वेळेवर गोळा केली म्हणून. संकेतस्थळाचेही तसेच. नूतनीकरणाची तारीख आता मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत, जागेच्या भाड्याच्या व वीजबिलाच्या नोंदीशेजारी लिहिली आहे. येणाऱ्या प्रत्येक चिटणिसाने ती वाचूनच कारभार हाती घ्यावयाचा आहे. आणि ज्यांच्या माळ्यावर जुनी दप्तरे असतील, त्यांना आमची विनंती एवढीच, की छायाप्रत आम्हांस अवश्य द्यावी, पण मूळ कागद टाकू नयेत.