उसाच्या फडातील पिल्ले : महाराष्ट्रातील वन्यजीव बचाव व पुनर्वसनाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

वन्यजीवांचा बचाव व पुनर्वसन हा विषय महाविद्यालयीन अभ्यासात बहुधा प्राणिशास्त्र विभागाकडे सोपविला जातो. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याची फारशी दखल घेतलेली नाही. वास्तविक, आईपासून दुरावलेल्या अथवा जखमी रानटी प्राण्याचे काय करावे, या प्रश्नाला समाजाने दिलेली उत्तरे काळानुसार बदलत गेली आहेत. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील या बदलाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला असून उसाच्या फडात सापडणाऱ्या बिबट्याच्या पिल्लांवर विशेष भर दिला आहे.

पांजरपोळ ते हेमलकसा

मुंबईत १८३२ मध्ये कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी समाजाने त्याविरुद्ध दंगल केली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. पांजरपोळाची कल्पना साधी होती : जनावर आत यावे आणि त्याने मरेपर्यंत तेथे सुखाने राहावे. पुढे १८८३ या एकाच वर्षी मुंबईत दोन संस्था स्थापन झाल्या. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय ही एक आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही दुसरी. पहिलीचा पाया भूतदया, दुसरीचा निरीक्षण व अभ्यास. एकाच शहरात, एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन प्रवृत्ती पुढे दीर्घकाळ वेगवेगळ्या वाटांनी चालल्या. आजारी प्राण्यावर उपचार करणाऱ्याला रानाची माहिती नसे आणि रानाचा जाणकार उपचाराच्या वाटेला जात नसे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिसरा घटक आणला, तो म्हणजे शासन. या कायद्यानुसार वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता ठरते. असा प्राणी ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्याला अथवा अधिकृत अधिकाऱ्याला कळविणे बंधनकारक आहे. दया दाखवून पिल्लू घरी आणणारा मनुष्यही त्यामुळे कायद्याच्या कक्षेत आला. ही गोष्ट आजही कित्येक सुशिक्षितांना ठाऊक नसते.

याच सुमारास, १९७३ मध्ये, गडचिरोलीच्या अरण्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. शिकार करून परतणाऱ्या माडिया आदिवासींकडे मेलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू डॉ. प्रकाश आमटे यांनी पाहिले व तांदूळ-कपड्यांच्या बदल्यात ते मागून घेतले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. तेथूनच हेमलकशाचे प्राणी अनाथालय आकारास आले. या पिल्लांची आई खरोखरच मेलेली होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. माणसाच्या हातावर वाढलेले ते प्राणी रानात परतण्याजोगे उरले नव्हते. हेमलकशाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. परंतु प्रत्येक एकटे दिसणारे पिल्लू अनाथच असते, असा जो समज त्या कार्याच्या प्रसिद्धीतून रूढ झाला, तो मात्र तपासून पाहावा लागतो.

जुन्नरचा धडा

सिंचन वाढले तसा पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात ऊस वाढला. दाट, ओलसर, वर्षभर न हलणारा ऊस बिबट्याला रानासारखाच वाटू लागला आणि मादी त्यातच विऊ लागली. माणसांशी संघर्ष सुरू झाल्यावर फेब्रुवारी २००१ पासून बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाचा अभ्यास केला. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर परिसरात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. स्थलांतराच्या काळात, म्हणजे २००३ अखेरपर्यंत, ते वर्षाला १७ पर्यंत गेले. प्राणी आपल्या जागेवरून उचलणे हा उपाय नसून नव्या संकटाचे मूळ असू शकते, हे यातून आकड्यांनिशी पुढे आले.

पिल्लांच्या बाबतीत हा धडा अधिकच हृद्य आहे. तोडणीच्या हंगामात उसात दोन-तीन पिल्ले उघडी पडतात. मादी भक्ष्याच्या शोधात गेलेली असते किंवा माणसांच्या गलक्याने जवळच दडून बसलेली असते. पूर्वी अशी पिल्ले उचलून पिंजऱ्यात नेली जात व त्यांचे आयुष्य तेथेच सरे. आता वनविभाग आणि माणिकडोह बिबट निवारा केंद्र चालविणारी वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था यांनी निराळी पद्धत रूढ केली आहे. पशुवैद्यक पिल्लांची तपासणी करतात, ओळखीसाठी सूक्ष्म चिप बसवितात आणि सायंकाळी सापडल्या जागीच पिल्ले खोक्यात ठेवून कॅमेरा लावतात. माणसे दूर गेली की मादी येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. जेथे मादी येत नाही, तेथे प्रयोग पुन्हा केला जातो.

सातासमुद्रापलीकडेही हाच प्रश्न वेगळ्या प्राण्याच्या रूपाने उभा राहिला, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. नेदरलँड्समधील पीटरबुरेन येथे लेनी ट हार्ट यांनी १९७१ पासून किनाऱ्यावर अडकलेल्या सील या सागरी सस्तन प्राण्याच्या पिल्लांचा सांभाळ सुरू केला. शिकार व प्रदूषण यांमुळे तेथील सीलांची संख्या त्या काळी अगदी रोडावली होती. पुढे संख्या सावरली, तरी पिल्ले उचलण्याची सवय टिकून राहिली. अखेर २०२० च्या करारात रडणारे पिल्लू लगेच न उचलता २४ तासांपर्यंत त्याच्यावर नजर ठेवण्याचे ठरले. उसाचा फड आणि उत्तर समुद्राचा वाळवंट यांत काहीही साम्य नाही; निष्कर्ष मात्र एकच निघाला.

नोंदीबाहेरचे मदतनीस

या साऱ्या इतिहासात संस्थांची, अधिकाऱ्यांची, पशुवैद्यकांची नावे नोंदली जातात. पिल्लू सर्वप्रथम पाहणारा मनुष्य मात्र ऊसतोड कामगार असतो आणि त्यांतील अनेक जण मराठवाड्याचे असतात. बीड, परभणी आदी जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन हजारो जोडपी साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मजुरी टनावर. पिल्लू दिसताच तोड थांबते. वनविभागाची माणसे येईपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, तो फड बंद राहतो आणि तेवढे टन बुडतात. रात्री मादीने यावे म्हणून ज्या रानातून लोकांना हटविले जाते, त्याच रानालगत या कामगारांच्या कोप्या असतात व कोपीत त्यांची स्वतःची लहान मुले झोपलेली असतात. मादीच्या येण्यासाठी पाळली जाणारी ती शांतता त्यांच्या खर्चाने पाळली जाते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ चे, म्हणजे वन्यजीव कायद्याच्याच वर्षाचे. लाल कंधारी आणि देवणी गोवंशाच्या या प्रदेशात त्याचा भर पाळीव जनावरांवर राहावा, हे स्वाभाविक आहे. तथापि, हंगामावरून परतलेल्या कामगारांच्या आठवणी याच जिल्ह्याच्या गावागावांत व तांड्यांवर उपलब्ध आहेत. पिल्लू कोणी पाहिले, कोयता कोणी थांबविला, मुकादम काय म्हणाला, बुडालेल्या दिवसाची भरपाई कोणी केली की केलीच नाही, हे प्रश्न मौखिक इतिहासाच्या पद्धतीने विचारता येतील. उन्हाळ्यात, कामगार गावी असताना, हे काम महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही सहज करता येण्यासारखे आहे.