शून्याला शून्याने भागताना

भोसरीहून नाशिक रस्त्याने चाकणकडे निघालेली एक मोटार १५ मिनिटांत १० किलोमीटर गेली, असे समजू. तिची सरासरी चाल झाली ताशी ४० किलोमीटर. पण तेवढ्या वेळात चालकासमोरच्या काट्याने शून्यही दाखवले असेल आणि ६०सुद्धा. हा काटा नेमके काय मोजतो? एका क्षणात मोटार शून्य अंतर जाते आणि त्याला शून्य वेळ लागतो. शून्याला शून्याने भागून ६० कसे येतील? अकरावीत असे विचारणारा विद्यार्थी मठ्ठ नव्हे. त्याला खरी अडचण दिसलेली असते.

भास्कराचार्यांनाही ती चंद्रामुळे भेटली होती. (चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा जो शिलालेख आहे, तो त्यांच्याच नातवाच्या, चांगदेवाच्या मठाचा.) चंद्र रोज सारखा सरकत नाही, कधी सुमारे १२ अंश, तर कधी १५. तिथी कोणत्या घटकेला संपते हे काढायचे, तर दिवसभराची सरासरी गती पुरत नाही. म्हणून ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीत त्यांनी स्थूल गती आणि तात्कालिक गती असा भेद केला. ज्येतील तात्कालिक फरक कोटिज्येच्या प्रमाणात असतो, हेही त्यांना ठाऊक होते.

त्यांच्या लीलावतीत एक गमतीचे उदाहरण आहे. एका संख्येला शून्याने गुणले, आलेल्यात त्याचेच निम्मे मिळवले, ३ने गुणले आणि शून्याने भागले, तर ६३ आले. संख्या कोणती? शून्याने गुणले की शून्य, असे म्हणून ते थांबत नाहीत. पुढे शून्याने भागायचे आहे, म्हणून गुणाकार तसाच राखून ठेवायचा आणि शेवटी दोन्ही शून्ये काढून टाकायची. उत्तर १४. या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग आहे, असेही ते सांगतात.

उत्तर पटते, पण नियम धोक्याचा आहे. ५ गुणिले ० आणि ७ गुणिले ० सारखेच. शून्ये उडवली तर ५ आणि ७ समान ठरतील! आमच्या मते भास्कराचार्यांची दृष्टी अचूक होती, पण तिला सिद्धतेचा आधार नव्हता. तो न्यूटन आणि लायब्निझ यांनाही नीट देता आला नाही. १८२१ साली कोशीने आपल्या पाठ्यपुस्तकात 'सीमा' पायाशी ठेवली, आणि वायरस्ट्रासने नंतर ती काटेकोर केली.

फळ्यावर ती अशी दाखवता येते. सिग्नल सुटल्यावर मोटार जितके सेकंद, त्यांच्या वर्गाइतके मीटर जाते असे माना. पाचव्या सेकंदानंतरच्या १ सेकंदातली सरासरी चाल सेकंदाला ११ मीटर, ०.१ सेकंदातली १०.१, ०.०१ सेकंदातली १०.०१. कालावधी शून्य घेतला की भागाकाराला अर्थच उरत नाही, तिथे एक भोक पडते. पण जवळ जाताना सगळी उत्तरे १०कडे येतात. ही सीमा. त्या भोकात १० ठेवले तर सातत्य मिळते. ११ ठेवले तर आलेख तुटतो. १० मीटर म्हणजे ताशी ३६ किलोमीटर, आणि त्या क्षणी काटा तिथेच असतो.